शिरोरेषेखालची जागा

कासारवाडी हे नाव संगणकाच्या पडद्यावर मोठ्या, ठळक अक्षरांत लिहावे आणि थोडा वेळ नीट पाहावे. क चा दांडा अक्षराच्या मधोमध आहे, त्यामुळे त्याचा उजवा आकडा पुढच्या कान्याच्या अंगावर येतो. सा मध्ये स चा स्वतःचा दांडा आणि त्याला लागून काना, अशा दोन उभ्या रेघा. मग र येतो. त्याला दांडा नाही, तो अंगाने अरुंद आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी जागा पडते. वा मध्ये पुन्हा दोन उभ्या रेघा, ड पुन्हा बिनदांड्याचा आणि शेवटी वेलांटीची रेघ. वरून शिरोरेषा सलग गेल्यामुळे शब्द एकसंध वाटतो, पण रेषेखाली तो कुठे दाटलेला असतो, कुठे विरळ. ही विषमता घालवण्यासाठी अक्षरे सरसकट जवळ आणली की र आणि व एकमेकांना भिडतात आणि त्यांचा ख दिसू लागतो. नाव ‘कासाखाडी’ वाचले जाण्याची वेळ येते. अक्षरे सरसकट लांब केली तर शिरोरेषा तुटते आणि नावाचे पाच तुकडे होतात. दोन्ही वेळा सॉफ्टवेअरने सांगितलेलेच काम केलेले असते. चूक असते ती सांगण्यात, आणि सांगणाऱ्याला हे कोणी कधी शिकवलेले नसते. देवनागरीत दोन अक्षरांमधली जागा हा अक्षराचाच भाग आहे, मजकूर लिहून झाल्यावर करायची ती सजावट नव्हे, हे म्हणणे पटवून देण्यासाठी हे पुस्तक लिहिले गेले आहे. प्रतिमा-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधली अंतर बदलण्याची साधने रोमन लिपीच्या गरजेतून घडली. ती आहेत तशी वापरली की देवनागरी मोडते. ती का मोडते हे कळले, तर त्याच साधनांनी अतिशय नेटके काम करता येते.

हा विषय कासारवाडीच्या निमित्ताने मांडण्याला कारण आहे. जुना मुंबई-पुणे महामार्ग, लोहमार्ग, नाशिक फाट्याचा दुमजली उड्डाणपूल आणि ६ मार्च २०२२ रोजी सुरू झालेली मेट्रो हे सगळे इथे एकमेकांच्या अंगाखांद्यावरून जाते. त्यामुळे एकाच भिंतीवरचा मजकूर कोणी पायी जाताना वाचतो, कोणी दुचाकीवरून, कोणी पुलावरून, कोणी मेट्रोच्या खिडकीतून. वाचायला मिळणारा वेळ सेकंदांत मोजावा लागतो आणि डोळ्याची उंची दर वेळी वेगळी असते. शिवाय भोसरीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात अक्षरे फक्त फ्लेक्सवर नसतात. ती यंत्रांच्या पट्ट्यांवर, गोदामांच्या फलकांवर, सुरक्षेच्या सूचनांवर, लेझरने कापलेल्या पत्र्यावर आणि रेडियमच्या कामात असतात. हे सगळे काम बहुतेक वेळा एकच माणूस एकाच संगणकावर करतो : सकाळी वाढदिवसाचा बॅनर, दुपारी कारखान्याची पाटी, संध्याकाळी श्रद्धांजलीचा फलक. फोटोशॉप किंवा कोरलड्रॉ तो काम करता करता शिकलेला असतो. रंग, कटआउट, सावली यांत त्याचा हात सराईत असतो. अक्षरांतराविषयी मात्र त्याला मराठीत वाचायला जवळजवळ काही नसते, आणि इंग्रजीत जे आहे ते त्याच्या लिपीविषयी बोलत नाही.

नव्या वाचकासाठी आधी संज्ञा स्पष्ट करू. दुकानात सगळ्यालाच ‘स्पेसिंग’ म्हणतात, पण त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी आहेत. दोन विशिष्ट अक्षरांमधले अंतर बदलणे म्हणजे कर्निंग. निवडलेल्या सगळ्या मजकुरातले अंतर एकाच मापाने वाढवणे-घटवणे म्हणजे ट्रॅकिंग. शब्दाशब्दांतले अंतर तिसरे आणि ओळींमधले चौथे. फोटोशॉपमध्ये कर्निंग आणि ट्रॅकिंग अक्षराच्या आकाराच्या एक हजारांश भागात मोजतात. दोन अक्षरांच्या मध्ये कर्सर ठेवून ऑल्टसह बाणाची कळ दाबली की अंतर एका वेळी वीस हजारांशांनी सरकते. हा आकडा पडद्यावर किरकोळ भासतो, पण अक्षराचा आकार २०० मिलिमीटर असेल तर तो चार मिलिमीटर होतो. गिम्पमध्ये हेच अंतर पिक्सेलमध्ये देतात, तर कोरलमध्ये हँडल ओढून. साधन कोणतेही असो, त्यामागची कल्पना एकच आहे : प्रत्येक अक्षर एका अदृश्य चौकटीत बसलेले आहे आणि आपण चौकटी सरकवतो आहोत. रोमन अक्षरे सुटी असल्यामुळे ही कल्पना तिथे ठीक चालते. देवनागरीत चौकट सरकली की तिच्यातला शिरोरेषेचा तुकडाही सरकतो. पुढच्या सगळ्या अडचणी इथून निघतात.

ही अडचण संगणकाने आणलेली नाही. हाताने लिहिताना ती नव्हती, कारण शिरोरेषा अक्षरांची नसून ओळीची होती. मोडी लिहिणारे कारकून आधी कागदावर आडव्या रेघा आखून घेत आणि अक्षरे त्यांच्याखाली लिहीत जात. जुन्या पोथ्यांतही शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती. ओळ सलग जाई आणि वाचणारा शब्द आपले आपण तोडून घेई. लेखणी चालवणारा माणूस प्रत्येक अक्षराला शेजाऱ्याकडे पाहून जागा देत असे. शिळाप्रेसने ही सोय टिकवली, कारण तिथे हस्ताक्षरच दगडावर जाई. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली छापलेले पंचांग त्या तंत्राचे. खरा बदल झाला तो धातूच्या खिळ्यांनी. आता शिरोरेषेचा तुकडा प्रत्येक खिळ्यावर वेगळा ओतला गेला. तो खिळ्याच्या दोन्ही कडांपर्यंत नेला तरच शेजारच्या तुकड्याला भिडणार, आणि खिळे झिजले किंवा सैल बसले की रेषेत फटी दिसणार. मुंबईत थॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली तयार झालेले जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये टाइपांचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या अक्षरांचा लौकिक सांगताना आपण वळणांचे कौतुक करतो. त्या वळणांच्या बाजूंना किती जागा ओतलेली होती, हे क्वचितच कोणी पाहते. निर्णयसागरी पानाची शांतता त्या ओतीव जागेतून येते. जुळाऱ्याला अक्षरांमध्ये पट्टी घालून शब्द ताणता येत नसे, तसे केले तर रेषा तुटली असती. ओळ भरायची तर शब्दांमधली जागा कमीजास्त करणे हाच मार्ग. म्हणजे देवनागरीत शब्दाच्या आत हात घालायचा नाही, ही शिस्त शंभरहून अधिक वर्षे धातूनेच राखली.

पुढची वाटचाल मुख्यतः तुकडे कमी करण्याची आहे. देवनागरीचे खिळे शेकड्यांनी लागत. ते घटावेत म्हणून लोकमान्य टिळकांपासून अनेकांनी खटाटोप केला. टंकलेखन यंत्राने तर अक्षरच फोडले : अर्धे अक्षर एका कळीवर, दांडा दुसरीवर. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा तीन खंडांचा ग्रंथ १९७१ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. या सगळ्या उलाढालीचा एवढा तपशील अन्यत्र एका जागी मिळणार नाही. संगणक आले ते टंकयंत्राचा वारसा घेऊन. पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली आणि तिथल्या जिस्ट तंत्राने भारतीय लिप्या पडद्यावर आणल्या. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी डीटीपीच्या दुकानांत घरोघरच्या देवघरासारखी रुजली. त्या काळातले फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवून चालत. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नव्हताच, रोमन चिन्हांची एक विचित्र रांग होती. टंकयंत्राच्या कळपाटावर बेतलेल्या फॉन्टमध्ये तर ण, श, ध, भ ही अक्षरे अर्धा भाग आणि दांडा अशा दोन चिन्हांनी लिहावी लागत. अशा मजकुरावर ट्रॅकिंग वाढवले की नुसती शिरोरेषा तुटत नाही, अक्षराचा दांडा अक्षरापासून दूर जातो. मागच्या तीस वर्षांत फलकांवर जी विस्कटलेली मराठी दिसली, तिचा मोठा वाटा या एका कारणाने घडलेला आहे. दोष चालवणाऱ्याच्या हाताचा तर नव्हताच, फॉन्ट काढणाऱ्याच्या नजरेचाही नव्हता. जी गोष्ट अखंड ठेवायची तिचे तुकडे करून साठवल्याचा तो परिणाम होता.

युनिकोडने १९९१ पासून देवनागरीला स्वतःच्या जागा दिल्या आणि विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ फॉन्ट घरोघर पोचला. अक्षरांचे तुकडे जुळवण्याचे काम आता आतली यंत्रणा करू लागली. पण प्रतिमा-संपादनाची सॉफ्टवेअर या बाबतीत मागे राहिली. १९९० मध्ये आलेला फोटोशॉप मुळात छायाचित्रांसाठी होता. सुरुवातीला त्यात लिहिलेला मजकूर लगेच पिक्सेल होऊन जाई. लिहिल्यानंतर बदलता येणारा मजकूर १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत आला. युनिकोड मराठी नीट मांडता यायला त्यानंतरही बरीच वर्षे गेली. जुन्या आवृत्त्यांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसे आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहत. गिम्पने २०१२ च्या २.८ आवृत्तीत चित्रावरच मजकूर लिहून एकेका अक्षराचे अंतर बदलण्याची सोय दिली. आज बहुतेक साधने मराठी शुद्ध मांडतात. त्यामुळे आता प्रश्न सुटला असा समज झाला आहे, आणि तो चुकीचा आहे. यंत्रणेने अक्षर योग्य जोडले म्हणजे अंतर योग्य झाले असे होत नाही. ‘ऑप्टिकल’ नावाचा पर्याय अक्षरांच्या आकाराकडे पाहून अंतर ठरवतो, पण शिरोरेषेमुळे सगळी अक्षरे एकमेकांना आधीच चिकटलेली असताना त्याचा अंदाज अनेकदा फसतो. पाहायची जागा रेषेखाली असते, आणि हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन पंथ दिसतात. पहिला मुद्राक्षर घडवणाऱ्यांचा. निर्णयसागरपासून आजच्या ‘एक टाइप’ या संस्थेपर्यंत ही परंपरा येते. तिचे म्हणणे असे की अंतर फॉन्टमध्येच नीट भरावे, वापरणाऱ्याने त्याला हात लावू नये. दुसरा अक्षर रेखाटणाऱ्यांचा. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी आणि नियतकालिकांच्या शीर्षकांसाठी जी अक्षरे काढली, त्यांत अंतर हा रेखाटनाचाच भाग होता. एक अक्षर दुसऱ्याच्या पोटात शिरते, काना खाली उतरून पुढच्या अक्षराला जागा करून देतो. मोडीचा अभ्यास करून आलेले अच्युत पालव लेखणीच्या ओघातून हेच साधतात. या पंथाच्या दृष्टीने प्रत्येक शब्द नवा असतो आणि त्याचे अंतरही नवे. तिसरा पंथ दुकानांतला. त्याला कोणी पंथ म्हणत नाही, पण संख्येने तोच सर्वांत मोठा आहे. त्याचा नियम मोकळ्या जागेने ठरतो : नाव लांब असेल तर दाबायचे, आखूड असेल तर ताणायचे. पहिल्या दोन पंथांनी या तिसऱ्याकडे फार तुच्छतेने पाहिले आहे, आणि ते मला चुकीचे वाटते. बॅनर करणाऱ्याला कमल शेडगे यांच्याइतका वेळ नाही आणि तेवढे मानधनही नाही. त्याच्या हातात तयार फॉन्ट आहे, म्हणून तो पहिल्या पंथाचा. आणि अक्षर सहा फुटी होणार आहे, म्हणून तो दुसऱ्याचा. पुस्तकातल्या मजकुरासाठी भरलेले अंतर सहा फुटी अक्षराला पुरत नाही, त्यामुळे त्याला हात लावावाच लागतो. तो कसा लावावा, हे त्याला सांगणे एवढेच बाकीच्यांचे काम आहे.

थोडे जवळ जाऊन पाहू. देवनागरी अक्षरांची दांड्यावरून तीन कुळे पडतात : दांडा उजव्या टोकाला असलेली प, म, स, त यांच्यासारखी अक्षरे, दांडा मधोमध असलेली क आणि फ, आणि दांडा नसलेली ट, ड, द, र, ह, ळ. अंतराचा सगळा हिशेब या कुळांच्या शेजारावर चालतो. दोन दांडे शेजारी आले की काळे साचते, बिनदांड्याची दोन अक्षरे शेजारी आली की पांढरे भोक पडते. मराठीचा पाकळीयुक्त ल उजवीकडे दांडा ठेवत नाही, तर हिंदी वळणाचा ल ठेवतो. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची वळणे ठरवून दिली. मात्र फॉन्ट हिंदी वळणाचा असेल तर ‘लाल’सारख्या साध्या शब्दाचेही अंतर बदलून जाते, आणि एकाच बॅनरवर दोन फॉन्ट मिसळले की ते डोळ्याला खुपते. नेमके काय खुपते ते मात्र सांगता येत नाही. आता ‘कासारवाडी’कडे परत जाऊ. र आणि व यांच्यामध्ये कर्सर ठेवून अंतर थोडे वाढवावे, ख चा भास जातो. ही अडचण एवढी जुनी आहे की मानक देवनागरीत ख चे दोन भाग खाली जोडून घेतले गेले. अंतर वाढवल्यावर शिरोरेषेत फट पडते, ती बुजवावी लागते. ती कशी बुजवायची यात खरे कसब आहे. दुकानांत रूढ असलेला उपाय म्हणजे पूर्ण शब्दावरून एक आडवी पट्टी ओढून देणे. ‘कासारवाडी’त तो खपून जातो. पण ध, भ आणि थ यांच्या शिरोरेषेला डावीकडे मुद्दाम खंड ठेवलेला असतो, आणि त्या खंडावरच ध चे घ पासूनचे आणि भ चे म पासूनचे वेगळेपण बरेचसे अवलंबून आहे. ‘धनकवडी’वर किंवा ‘भोसरी’वर अशी पट्टी ओढली की धनकवडीचा ध घ कडे झुकतो आणि भोसरीचा भ म कडे. म्हणून पट्टी फक्त पडलेल्या फटीपुरती घ्यावी, तिची जाडी शिरोरेषेइतकीच ठेवावी आणि अक्षरांना आकारात बदलून ती त्यांत मिळवून टाकावी.

मिळवून टाकणे का आवश्यक आहे, हे रेडियम कापणाऱ्याला विचारावे. प्लॉटरचे पाते आकाराच्या कडेने फिरते. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकांवर चढलेल्या असल्या आणि वेल्ड करून एकजीव केलेल्या नसल्या, तर पाते प्रत्येक सांध्यावर आडवे जाते आणि चिकटवताना नाव सुटे होऊन हातात येते. लेझरने कापलेल्या पत्र्यात तर शिरोरेषा अक्षरांना धरून ठेवणारा आधारच असते, ती बारीक किंवा तुटकी ठेवून चालत नाही. छपाईत फसगत वेगळ्या प्रकारची होते. मोठा फ्लेक्स करताना फाइल बहुधा एक दशांश मापाने करतात. पडद्यावर ती बसवून पाहिली की दोन अक्षरांच्या सांध्यावर केसाएवढ्या पांढऱ्या रेषा दिसतात. त्या कडा मऊ करण्याच्या प्रक्रियेतून आलेल्या असतात आणि छापून येत नाहीत. उलट एक मिलिमीटरची खरी फट तिथे दिसत नाही आणि भिंतीवर ती एक सेंटिमीटरची होते. अक्षरांना दोन-तीन पदरी स्ट्रोक देण्याची पद्धत आहे, तिने घोटाळा वाढतो. अशी फट राहिली की लाल शिरोरेषेच्या मध्ये स्ट्रोकचा पांढरा रंग खाचेसारखा घुसतो. आणि अक्षरे जवळ असली की ‘शुभेच्छा’तल्या च्छ ची पोकळी स्ट्रोकखाली बुजून तो एक डाग होतो. स्ट्रोक द्यायचा असेल तर त्याच्या जाडीचा हिशेब आधी धरून अंतर ठरवावे लागते, आणि तेवढी जागा नसेल तर स्ट्रोकचा एक पदर कमी करणे हेच शहाणपणाचे.

हा विषय आज निकडीचा होण्यामागे कायदाही आहे. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या अधिनियमात मार्च २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतली मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असेही त्यात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. ही दुरुस्ती स्वागतार्हच आहे. मात्र कायदा आकार मोजतो आणि वाचनीयता आकारावर थांबत नाही. देवनागरीला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार यांसाठी जागा लागते. त्यामुळे तेवढ्याच उंचीच्या पट्टीत मूळ अक्षर रोमनपेक्षा लहान बसते. आकाराची अट पूर्ण करायची आणि पाटीची रुंदी तर तेवढीच, मग अक्षरे आडवी दाबली जातात. आडवे दाबल्याने दांडे बारीक होतात, शिरोरेषा आहे तेवढीच जाड राहते आणि अक्षराचा तोल जातो. कारखान्यांतही हेच. कारखान्यातल्या सूचना बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, ही अट १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घातली होती. भाषा समजणारी असली तरी दुरून अक्षर ओळखू आले नाही तर त्या अटीचा हेतू साधत नाही. चाकणच्या पट्ट्यात महाराष्ट्राबाहेरून आलेले असंख्य कामगार ही पाटी हिंदीच्या सवयीने वाचतात. त्यांना अनोळखी शब्द अक्षराअक्षराने लावावा लागतो, अंदाजाने पुरा करता येत नाही. अंतराची चूक सगळ्यात आधी त्यांनाच अडवते.

यावर काही आक्षेप घेतले जातील आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. सामान्य वाचकाला अंतर दिसत नाही, हा पहिला. ते खरे आहे. वाचकाला अंतर दिसत नाही, त्याला चुकलेला शब्द दिसतो, किंवा गाडी पुढे गेली तरी पाटी वाचून झालेली नसते. त्याला कारण सांगता येत नसले तरी परिणाम त्याच्यावरच होतो. दुसरा आक्षेप वेळेचा : आठ दिवसांत उतरणाऱ्या बॅनरवर एवढी मेहनत कोण करणार? पण पूर्ण मजकुराचे अंतर लावा असे कोणी म्हणत नाही. बॅनरवर मोठ्या आकारात दोन-तीनच शब्द असतात, आणि त्यात बहुधा एक माणसाचे नाव असते. तेवढ्या शब्दांना लागणारा वेळ पार्श्वभूमीला झळाळी देण्यात जाणाऱ्या वेळेपेक्षा कमीच आहे. शिवाय त्याच संगणकावर आठ दिवसांच्या बॅनरबरोबर वीस वर्षे टिकणारी शाळेची पाटीही होते, आणि हात दोन्हीकडे सारखाच चालतो. तिसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. शिरोरेषेचा एवढा आग्रह कशाला, असे अनेक तरुण चित्रकार विचारतात. गुजरातीने ती सोडली आणि तिचे काही बिघडले नाही. हा दाखला खरा आहे, पण तो त्यांच्या बाजूने तेवढा जात नाही. गुजरातीची अक्षरे रेषेशिवाय उभी राहतील अशी घडत गेली आणि त्यांच्यामधली जागाही त्याच बेताने ठरली. बिनशिरोरेषेची देवनागरीही विचारपूर्वक काढता येते आणि तशी चांगली शीर्षके झाली आहेत. पण रेषेसाठी घडलेल्या फॉन्टचे ट्रॅकिंग वाढवून रेषा तुटू देणे हा निर्णय होत नाही. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर तेव्हा रेषेचे एक थोटूक राहते, ते ना जोडते ना सोडते. रेषा काढायची तर पूर्ण काढावी आणि मग अंतर नव्याने लावावे. चौथा आक्षेप असा की हे सगळे लवकरच यंत्र आपोआप करील. काही भाग करीलही. पण हे नाव रात्री उड्डाणपुलावरून वाचले जाणार आहे की दाराशी उभे राहून, अक्षराला स्ट्रोक लागणार आहे की ते पत्र्यातून कापले जाणार आहे, हे फाइल पाहून यंत्राला कळत नाही.

हे पुस्तक या विषयाचा कोश होऊ पाहत नाही. ते ट्रॅकिंगच्या पट्टीकडे जाण्याआधी वाचकाला चार पायऱ्या चढवते : आधी फॉन्टची निवड, मग ओळ कुठे तोडायची, मग शब्दांमधली जागा आणि सगळ्यात शेवटी दोन अक्षरांमधली. हा क्रम मला या पुस्तकाची सर्वांत मोठी कमाई वाटते, कारण दुकानात काम नेमके याच्या उलट क्रमाने होते. लांब नाव मावत नाही म्हणून अक्षरे दाबण्याआधी ते दोन ओळींत जाते का, हे कोणी पाहत नाही. पुस्तक सतत उदाहरणांतून बोलते आणि उदाहरणे पिंपरी, भोसरी, चाकण अशा रोजच्या नावांची आहेत. एखाद्या सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती आली आणि बटणे हलली तरी पुस्तक निकामी होऊ नये म्हणून त्यात बटणांपेक्षा कारणांना जास्त पाने दिली आहेत. बारीक मजकूर, पुस्तकाची पाने आणि सुलेखन हे विषय त्याने जाणूनबुजून बाहेर ठेवले आहेत. एका बाबतीत मात्र माझे पुस्तकाशी पटत नाही. देवनागरीत ट्रॅकिंगला कधीच हात लावू नये, असा त्याचा दंडक आहे. नवशिक्यासाठी तो सोयीचा आहे, पण पूर्ण खरा नाही. बऱ्याच युनिकोड फॉन्टमध्ये शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते. तेवढ्या मर्यादेत ट्रॅकिंग वाढवले तर रेषा तुटत नाही आणि ठळक अक्षरांत ते उपकारकच ठरते. ही मर्यादा प्रत्येक फॉन्टला वेगळी आहे. ती ओळखायची तर एक शब्द खूप मोठा करून सांधा तपासावा आणि मर्यादेचा आकडा वहीत लिहून ठेवावा.

अशा वह्या दुकानादुकानांत तयार झाल्या, तर त्यांचा उपयोग दुकानापुरता राहणार नाही. ‘मुक्त’, ‘बलू’ यांसारखे फॉन्ट मुक्त परवान्यावर उपलब्ध आहेत. ते फुकट वापरता येतात आणि परवान्याच्या अटी पाळून त्यांत बदलही करता येतात. र आणि व यांच्या जोडीचे अंतर मोठ्या ठळक अक्षरांत कमी पडते, हे कासारवाडीच्या एखाद्या दुकानाने फॉन्ट घडवणाऱ्यांना उदाहरणासह कळवले, तर ती दुरुस्ती फॉन्टच्या पुढच्या आवृत्तीत जाऊ शकते. मग ती जोडी कोणालाच पुन्हा हाताने लावावी लागणार नाही. आजवर या धंद्यात फॉन्ट घडवणारे एका टोकाला आणि ते रोज दहा-दहा तास वापरणारे दुसऱ्या टोकाला राहिले. कोणत्या जोड्या वारंवार चुकतात याची सर्वांत मोठी माहिती दुसऱ्या टोकाकडे आहे. ती कशी नोंदवावी आणि कोणत्या स्वरूपात कळवावी, याचा नमुना पुस्तकाच्या अखेरीस दिला आहे, आणि तिथे वाचकाने स्वतःच्या गावाच्या नावापासून सुरुवात करावी असे सुचवले आहे.